जाळ तासाभराचा, ऊब दिवसभराची

मे महिन्यात नागपूरला किंवा पुण्याला वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. सूर्य मावळून चार तास झाले, बाहेर वारा सुटला, तरी घरात जीव घाबरा होतो. कारण डोक्यावरचा स्लॅब. दिवसभर प्यायलेले ऊन तो रात्री सावकाश खाली सोडत असतो. आपल्याकडे हा स्लॅबचा दोष. पण जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, तिथे दगड-विटांच्या याच सवयीवर माणसांनी शेकडो वर्षे हिवाळे काढले. गोव्याच्या पदेराची भट्टीही याच सवयीवर चालते. आधी घुमटीत लाकडे जोरात जाळायची, विटा तापल्या की निखारे ओढून काढायचे आणि मग पाव आत सारायचे. पाव भाजला जातो तेव्हा त्याच्याखाली जाळ नसतो, असते ती विटांनी साठवलेली धग. थंड देशांत घराच्या मागच्या कारखान्यात, म्हणजे सुतारकाम किंवा यंत्रदुरुस्ती हौसेने वा पोटासाठी करणाऱ्यांच्या खोलीत, विटांची मोठी शेगडी बांधण्याचा विचार पुन्हा होऊ लागला आहे, त्याच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे. आग पेटण्याची वेळ आणि ऊब हवी असण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या करता आल्या की लाकूड कमी लागते, धूर कमी होतो आणि कारखान्यासारख्या धोक्याच्या जागी आग पाळणेही सोपे जाते.

हे पटण्यासाठी लाकूड जळते म्हणजे काय होते, ते आधी पाहायला हवे. ओंडका पेटला असे आपण म्हणतो, पण ज्वाळा लाकडाची नसते, लाकडातून निघणाऱ्या वायूंची असते. आधी लाकडातले पाणी उडून जाते. मग दोन-तीनशे अंशांच्या पुढे लाकूड विघटित होऊन ज्वलनशील वायू आणि वाफा सुटतात, आणि शेवटी कोळसा उरतो. लाकडातली निम्म्याहून अधिक ऊर्जा या वायूंत असते, आणि ते पुरते जळायला सहाशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापमान आणि भरपूर हवा लागते. लोखंडी शेगडीची अडचण इथेच सुरू होते. दीड-दोनशे किलोचे ते लोखंड भराभर तापते, खोली तासाभरात भट्टीसारखी होते, मग माणूस हवेची झडप दाबून आग मंद करतो. रात्रभर टिकावी म्हणून ओंडके भरून झडप जवळजवळ मिटून ठेवणारेही बरेच असतात. हवा कोंडली की तापमान उतरते, वायू न जळताच धुराड्यात जातात आणि तिथल्या थंड भिंतीवर डांबरासारखा चिकट थर होऊन बसतात. पुढे कधीतरी हाच थर पेट घेतो आणि धुराड्यालाच आग लागते. म्हणजे आग मंद ठेवून लाकूड वाचते हा समज उलटा आहे. मंद आगीत इंधनाचा मोठा भाग धूर होऊन निघून जातो. आग जोरातच जळायला हवी. प्रश्न असतो तो तिची जास्तीची उष्णता ठेवायची कुठे, हा.

या प्रश्नाचे उत्तर युरोपने टंचाईतून शोधले. अठराव्या शतकात स्वीडनमध्ये लोखंडाच्या भट्ट्या आणि घरातल्या शेगड्या एकाच जंगलावर जगत होत्या आणि सरपणाची ओढाताण वाढत चालली होती. 1767 मध्ये कार्ल योहान क्रोनस्टेड आणि फाबियान व्रेडे यांनी तिथल्या फरशीच्या शेगडीची नवी रचना मांडली. जाळातला गरम धूर सरळ धुराड्यात न सोडता त्यांनी तो विटांच्या उभ्या वाटांतून वर-खाली फिरवला. धूर बाहेर पडेपर्यंत त्याची बहुतेक उष्णता विटांनी शोषलेली असे. रशियातली पाठीवर झोपता येईल एवढी मोठी शेगडी, ऑस्ट्रिया-जर्मनीतली रंगीत फरशांची शेगडी आणि फिनलंडमधली साबणदगडाची शेगडी ही सगळी त्याच घराण्यातली. मार्क ट्वेनने जर्मनीत अशी शेगडी पाहिली आणि आपल्या देशबांधवांना ती का सुचत नाही, असा टोमणा त्याने 1890 च्या दशकारंभी लिहून ठेवला. आज अमेरिकेतले बांधकामाचे मानक अशा शेगडीची व्याख्याच आकड्यांत करते. वजन किमान 800 किलो, दार घट्ट मिटणारे, भिंतींची सरासरी जाडी 250 मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि धुराने धुराड्यापर्यंत पोचण्याआधी किमान एकदा पूर्ण उलट दिशेला वळलेच पाहिजे. वजन, घट्ट दार आणि वळण या तीन अटींत या शेगडीचे सारे शास्त्र आले.

घरापेक्षा कारखान्याला हे तत्त्व अधिक का लागू पडते, हे एका छोट्या हिशेबाने कळेल. पाच मीटर बाय सहा मीटरची, तीन मीटर उंचीची खोली घेऊ. तिच्यात नव्वद घनमीटर, म्हणजे साधारण 110 किलो हवा मावते. ही सगळी हवा वीस अंशांनी तापवायला लागणारी उष्णता चांगल्या शेगडीत अवघ्या 200 ग्रॅम लाकडातून मिळते. इतक्या स्वस्तात मिळणारी गोष्ट तितक्याच सहज जातेही. कारखान्याचे मोठे दार फळी आत घ्यायला एकदा उघडले की तापलेली हवा बाहेर. याउलट ओतीव लोखंडाच्या पाटाचे दोनशे किलोचे एक करवतयंत्र तेवढ्याच अंशांनी तापवायला जवळजवळ त्या सगळ्या हवेइतकीच उष्णता लागते, आणि ती मिळायला वेळही लागतो. म्हणून शनिवारी सकाळी पंख्याच्या हीटरने हवा गरम केली तरी पटाशी हातात बर्फासारखी लागते आणि फळीही थंडच राहते. पांढरा किंवा पिवळा फेविकॉलच्या जातीचा सरस साधारण दहा अंशांच्या खाली नीट धरत नाही. त्याचा सांधा वाळल्यावर खडूसारखा पांढरा पडतो आणि ताण आला की सुटतो. सरसाला हवेच्या तापमानाशी देणेघेणे नसते, तो फळीचे तापमान पाहतो. पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिशचीही तीच गत.

त्याहून मोठा शत्रू गंज. थंड लोखंडाला दमट, उबदार हवा लागली की त्यावर दव धरते, जसे फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर धरते. खोली आठवडाभर गोठलेली आणि एक दिवस एकदम तापवलेली, हा यंत्रांना गंज चढवण्याचा हमखास मार्ग आहे. त्यातही धुराडे नसलेला गॅसचा हीटर वापरला तर नुकसान दुप्पट, कारण एक किलो प्रोपेन जळताना 1.6 किलोहून थोडे अधिक पाणी वाफेच्या रूपाने त्याच खोलीत सोडतो. धुराडे असलेली, रोज एकदा पेटणारी विटांची शेगडी ही वाफ खोलीत सोडत नाही आणि लोखंडाला पुरते थंडही होऊ देत नाही. खोली बारा अंशांवर असो की अठरा, ती स्थिर राहते, आणि यंत्रांना नेमके तेच हवे असते. शिवाय भिंतीसारख्या मोठ्या तापलेल्या पृष्ठभागातून किरणांनी येणारा शेक माणसाच्या अंगाला आणि कामाच्या बाकाला थेट लागतो. त्याला मधल्या हवेची मध्यस्थी लागत नाही आणि तो भुसाही उडवत नाही.

मग शेगडी केवढी असावी? वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे चार युनिट ऊर्जा असते. विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे किलोवॉट-तास, तेच इथले माप. त्यातली तीन युनिटे खोलीला मिळतात असे धरू. दहा किलो लाकूड म्हणजे तीस युनिटे. दीड टन विटा ही तीस युनिटे गिळून सरासरी ऐंशी-नव्वद अंशांनी तापतात आणि पुढचे बारा तास सरासरी अडीच किलोवॉटने ती परत देतात. भिंती, छत आणि दार यांना नीट ऊबरोध दिलेल्या लहान कारखान्याला कडक थंडीतही तेवढे साधारणपणे पुरते. पण त्याच खोलीत पत्र्याचे उघडे छप्पर आणि फटी असतील, तर अडीचच्या जागी आठ-दहा किलोवॉट लागतील आणि शेगडी टनाने वाढवावी लागेल. म्हणून अशा कामाचा पहिला खर्च विटांवर करूच नये. तो छताखालच्या ऊबरोधक थरावर, दाराच्या फटींवर आणि जमिनीवर करावा. गळक्या हंड्यात पाणी तापवायला मोठी चूल मांडण्यात अर्थ नाही.

बांधकाम दिसते तसे गवंडीकामच आहे, पण त्यात एक गोष्ट घराच्या भिंतीला नसलेली असते. ही भिंत रोज वाढते आणि रोज आकसते. जाळाच्या कोठीला भट्टीच्या विटा लागतात, कारण आत आठशे-नऊशे अंशांच्या ज्वाळा खेळतात. या विटा फायर क्लेच्या पातळ गाऱ्यात, दोन-तीन मिलिमीटरच्या सांध्यांत बसवतात. साध्या सिमेंटचा मसाला इतक्या उष्णतेत भुसभुशीत होऊन गळून पडतो. बाहेरचा सदरा साध्या लाल विटांचा, चुना-मातीच्या मसाल्यातला. या दोन थरांमध्ये मुद्दाम फट ठेवतात, आणि ती ठेवण्याची युक्ती मोठी साधी आहे. खोक्याचा पुठ्ठा मध्ये धरून विटा रचतात. पहिल्या काही जाळांत पुठ्ठा होरपळून जातो आणि पाच-सहा मिलिमीटरची मोकळी जागा उरते. एक मीटर उंचीची भट्टीच्या विटांची कोठी सहाशे अंशांनी तापली की सुमारे तीन मिलिमीटरने वाढते. तिला ही जागा मिळाली नाही तर ती बाहेरच्या विटांना ढकलते आणि पहिल्याच हिवाळ्यात सदऱ्याला कोपऱ्यातून तिरका तडा जातो. दाराच्या चौकटीचे तेच. लोखंड विटेच्या साधारण दुप्पट वाढते, म्हणून चौकट विटांत घट्ट न गाडता तिच्याभोवती सिरॅमिकची दोरी दाबून भरतात. अनुभवी कारागिराची शेगडी आणि नवख्याची शेगडी बांधून झाल्या दिवशी सारख्याच दिसतात. फरक वर्षाने या फटींच्या जागी दिसतो.

धूर फिरवायचा कसा, याचे दोन मार्ग आहेत. एक क्रोनस्टेडचा, लांब अरुंद वाटांचा. त्यात मापे चुकली तर धूर अडतो आणि दारातून खोलीत येतो. दुसरा रशियन कारागिरांनी विसाव्या शतकात वाढवलेला घंटेचा मार्ग. एक मोठा हंडा उलटा घातला आहे अशी कल्पना करा. जाळाच्या कोठीतला धूर त्या पोकळीत शिरतो. त्यातला सर्वांत गरम भाग आपसूक वर चढून छताशी थांबतो आणि विटांना उष्णता देतो. निवलेला भाग जड होऊन तळाशी येतो आणि तळाजवळच्या भोकातून धुराड्याकडे निघतो. इथे धुराला ढकलावे लागत नाही, तो स्वतःच गरम-थंड निवडून घेतो. स्वतःच्या हाताने बांधणाऱ्यासाठी ही रचना अधिक सोशीक आहे, कारण पोकळी थोडी लहान-मोठी झाली तरी शेगडी चालते. तरी तीन गोष्टींत सूट नाही. दीड-दोन टन वजन पेलणारा सळ्यांचा काँक्रीट पाया हवा, काजळी काढायला प्रत्येक पोकळीच्या तळाशी झाकणाचे भोक हवे, आणि धुराडे शक्यतो खोलीच्या आतून वर गेलेले, उबदार हवे. बांधल्यावर लगेच मोठा जाळ करणे हा शेवटचा मोह. विटांत आणि गाऱ्यात कित्येक लिटर पाणी असते. त्याची आत वाफ झाली तर सांधे फुटतात. म्हणून आधी काही दिवस नुसते वाळू द्यायचे, मग रोज मूठभर ढलप्यांपासून सुरुवात करून जाळ वाढवत न्यायचा.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप हा की ही शेगडी फार आळशी आहे. खरे आहे. कारागिरांचा अंदाज असा की विटेतून उष्णता तासाला जेमतेम एक इंच सरकते. गोठलेल्या कारखान्यात सकाळी सातला जाळ केला तर बाहेरच्या विटा दुपारी हाताला लागतात. जो माणूस फक्त शनिवारी तीन तास रंधा मारायला येतो, त्याने ही शेगडी बांधू नये. त्याला आधी भिंतींचा ऊबरोध आणि मग एखादी छोटी, चांगल्या बनावटीची लोखंडी शेगडी किंवा विजेचा हीटरच योग्य. पण जो रोज काम करतो त्याच्यासाठी हा आळस गुण ठरतो. त्याने सकाळी पेटवायचेच नाही, संध्याकाळी पेटवायचे. तासा-दीड तासाच्या जाळाची उष्णता रात्रभर विटांतून बाहेर सरकत राहते आणि सकाळी कुलूप उघडले की बाक, हत्यारे आणि सरसाची बाटली सगळेच उबेला आलेले असते. आपल्याकडे तांब्याचा बंब पेटवणारे घर हेच करत असे. जाळ मधल्या नळीत पहाटे, आणि आंघोळी आठ वाजेपर्यंत.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. लाकडाचा भुसा, पॉलिशचे स्पिरिट, थिनर यांच्या खोलीत आग हवीच कशाला? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पेट्रोलची वाफ साचू शकते अशा गाडीच्या गॅरेजमध्ये लाकूड जाळणारी शेगडी बसवायला अमेरिकेतले अग्निसुरक्षेचे मानक मनाईच करते, आणि ते योग्यच आहे. जिथे फवाऱ्याने रंग मारला जातो तिथेही ती नको. पण साध्या सुतारकामाच्या खोलीत तुलना शेगडी आणि शेगडी नसणे यांच्यात नसते, दोन तऱ्हांच्या शेगड्यांत असते. लोखंडी शेगडी दिवसभर, करवत चालू असताना, तीनशे अंशांवर तापलेली असते आणि तासातासाला तिचे दार उघडून ओंडका सारावा लागतो. विटांच्या शेगडीचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण साठ ते ऐंशी अंशांत राहतो, भुसा पेटण्याच्या पातळीपासून खूप खाली, आणि मुख्य म्हणजे काम चालू असते तेव्हा आत आग नसते. काम थांबले, भुसा झाडून झाला, उडालेली धूळ बसली, मग जाळ. विझेपर्यंत त्याच्यापाशी बसावे लागते, पण पटाश्यांना धार लावायला तीच वेळ बरी. काळजी घ्यायची ती दोन ठिकाणी. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी आपोआप तापून पेटू शकते, ती शेगडीवर वाळत घालणे म्हणजे आगीला आमंत्रण. आणि निखारे पूर्ण विझण्याआधी धुराड्याची झडप मिटली तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत भरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि थंड देशांत त्याने घरेच्या घरे झोपेत संपवली आहेत. तो ओळखणारे अलार्मचे यंत्र भिंतीवर लावल्याशिवाय पहिली काडी ओढू नये.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि काळाचा. आज हवेतून उष्णता खेचणारे विजेचे पंप मिळतात, एका युनिटात तीन युनिटांची ऊब देतात, मग हा पसारा कोणासाठी? जिथे वीज भरवशाची आणि स्वस्त आहे, आणि लाकूड विकत आणावे लागते, तिथे पंपच घ्यावा. दाट वस्तीत तर शेगडी बांधूच नये, कारण जोरात जळणारी आगही सूक्ष्म कण सोडतेच, फक्त धुमसणाऱ्या आगीपेक्षा पुष्कळ कमी. पण ज्याच्या कारखान्यात रोज पाटीभर तुकडे आणि ढलपे पडतात, त्याच्याकडे वाळलेले सरपण आपोआप साठत असते. लोखंडी शेगडीत हे बारीक, कोरडे तुकडे भसकन पेटून वाया जातात. विटांच्या शेगडीला नेमका असाच जाळ हवा असतो. एक पथ्य मात्र कडक पाळायचे. प्लायवूड, एमडीएफ, रंग दिलेले किंवा वाळवीविरोधी औषध पाजलेले लाकूड शेगडीत जाऊ द्यायचे नाही. औषध पाजलेल्या जुन्या लाकडात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक असते. ते जाळल्यावर काही धुरात जाते आणि उरलेले राखेत राहते.

महाराष्ट्रात कोणाला असली शेगडी लागणार नाही. मिनेसोटा, ऑन्टारियो किंवा स्वीडनमध्ये घर करून मागच्या खोलीत हत्यारे मांडणाऱ्या मराठी माणसाला ती लागू शकेल, आणि त्याने गवंड्याला बोलावण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मी या खोलीत आठवड्यातून किमान चार-पाच दिवस काम करतो का? भिंतींना आणि छताला आधी ऊबरोध दिला आहे का? कोरडे, साधे लाकूड माझे स्वतःचे आहे का? तिन्हींचे उत्तर हो असेल तर दीड टन विटांसारखी दुसरी सोय नाही. एकाचेही उत्तर नाही असेल, तर विटांचे पैसे छताच्या ऊबरोधावर घालावेत. त्या पैशांची ऊब जाळ न करताही मिळते.